खिडकीत कोण आहे

“त्या दिव्याला तुझी आई ओळखू येत नाही गं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “काही हललं की तो लागतो. तू आपली जाऊन बघून येत जा.” तिने ते कानाआड केलं होतं. सासूबाईंचा मिक्सरवरसुद्धा विश्वास नव्हता, तिथे दिव्याचं काय.

आताही ती बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. दिवस मावळला होता. गल्लीपलीकडे, खाली, आईचं बैठं घर. तिथल्या पॅसेजची काच काळीभोर दिसत होती. ती बाळाला थोपटत राहिली, नजर काचेवर. मग दिवा लागला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“उठली आई,” ती म्हणाली.

“आई दिसली, की दिवा दिसला?” सासूबाईंनी मागून विचारलं.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ते घर तिनेच आईच्या वयाला बेतून घेतलं होतं. आई लेकीकडे राहायला यायला काही केल्या तयार नव्हती. “मी काय सामान आहे, इथून उचललं नि तिथे ठेवलं?” मग तिने घरातले उंबरे काढायला लावले. न्हाणीघरात खरखरीत फरशी, भिंतींना धरायला दांड्या, पुढच्या पायऱ्यांवर जुन्या दारांच्या फळ्यांचा उतार. अंधाऱ्या पॅसेजच्या भिंतीत मोडीत निघालेल्या कपाटाची काच बसवली, म्हणजे दिवसा बटण दाबायला नको आणि आपल्या खिडकीतून नजरही ठेवता येईल. अंधार पडल्यावर हालचालीने लागणारा दिवा, आणि त्याचं सोलर पॅनेल मागच्या पत्र्यावर. आईचा पलंगही ओढून पॅसेजच्या दाराशी आणला, न्हाणीघर जवळ पडावं म्हणून. एक अट मात्र घातली. एकदा जरी पडलीस, तर गाशा गुंडाळून माझ्याकडे.

पुढे बाळ तापाने फणफणलं आणि तिचं जाणं खुंटलं. आई फोनवर रोज तेच सांगे. “मी मजेत आहे. लेकराला सोडून येऊ नकोस.” बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. एकदा बघून भागायचं नाही, परत जायची, परत बोट धरायची. आईसाठी दिवा होता.

सासूबाईंनी बाळ तिच्या खांद्यावरून अलगद उचललं. “ताप उतरलाय त्याचा. जा आता. मी उभी राहते इथे.”

ती जिने उतरली, गल्ली ओलांडली, आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. घरात तव्याचा, फोडणीचा, कसलाच वास नव्हता. पॅसेजमधला दिवा लागलेला होता आणि पॅसेज रिकामा होता. आईच्या खोलीच्या दारातून एक काठी बाहेर आली होती. टोकाला नॅपकिन बांधलेला. तो नॅपकिन दिव्याखाली इकडून तिकडे हलत होता.

“आई?”

काठी थांबली. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. एक पाय उशांवर, घोटा सुजून टम्म झालेला. तिने लेकीकडे पाहिलं, मग लेकीच्या मागे पाहिलं.

“तू इथे? मग खिडकीत कोण आहे?”

ती वळली. पलंगासमोर दार, दारासमोर पॅसेजची काच, काचेत गल्लीपलीकडचं तिचं स्वयंपाकघर. खिडकीत उजेड. बाळाला खांद्यावर घेऊन कुणीतरी उभं. काच बसवताना तिने बाहेरून आत काय दिसेल तेवढंच बघितलं होतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. “कधी पडलीस?”

“पडले कसली? दिवा मिणमिणायला लागला होता. पॅनेलवर धूळ बसली असणार, म्हणून स्टुलावर चढले पुसायला. उतरताना पाय मुरगळला, एवढंच. दिवसा तुझ्या दांड्या धरून चहा-बिस्किटापुरती उठते की. संध्याकाळी मात्र ठणका लागतो, मग काठी.”

“घर सोडावं लागेल म्हणून लपवलंस ना?”

“ते तर आहेच,” आई म्हणाली. “पण तू रोज त्या पोराला घेऊन तिथे उभी. दिवा लागेपर्यंत जागची हलत नाहीस. तुझी पाठ दुखते, मला माहीत नाही का? तुला आत पाठवलं की मग मी आडवी व्हायचे.”

तिने त्या घोट्यावर हात ठेवला. गरम होता, बाळाच्या कपाळासारखा.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे,” ती म्हणाली. “आणि स्टूल मी घेऊन जाणार.”

“आणि मला?”

“बघू.”

“बघू म्हणजे नाही,” आई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग काचेकडे बोट केलं. “विहीणबाई अजून उभ्याच आहेत. दिवा तर केव्हाचा लागलाय.”

खरंच, सासूबाई हलल्या नव्हत्या. तिने आईला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलली. वाटेत उंबरा नव्हता, खुर्ची अलगद काचेपर्यंत गेली. दिव्याच्या उजेडात आईने हात वर केला. पलीकडे सासूबाईंनी बाळाचा हात धरून हलवला. मगच त्या खिडकीतून आत गेल्या.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, आता तुम्हालाही सांगते आहे. ज्याच्या घरातला दिवा रोज वेळेवर लागतो, त्याच्याकडे आज जरा जाऊन या. दिवा कोण लावतंय, तेवढं बघा.