घंटा झाली की परतायचं

"आज राहू द्या साहेब. उशीर झालाय, उद्या सकाळी या," घंटेवाला म्हणाला.

कप्तानसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतले. त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

"जन्मभर जहाजं हाकली, आता मला हाकतात," ती घंटेवाल्याला म्हणाली. "ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्हीच सांगा काहीतरी, भाऊ."

किनारा इथं कोयत्यासारखा वळला होता. ओहोटीचं पाणी पार लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूच्या टोकाशी जुन्या शिडाच्या जहाजाचा सांगाडा उघडा पडला होता. एके काळी ह्या गावात अशी जहाजं बांधत. आता लोक तो सांगाडा बघायला येत, फोटो काढत आणि जात.

घंटेवाल्यानं मघाशीच त्या दोघांना जुनी शेड दाखवली होती. नांगर, सुकाणूची चाकं, दोर वळायचं यंत्र. शेवटच्या भिंतीवर बुडालेल्या माणसांच्या नावांच्या पाट्या होत्या. कोपऱ्यातल्या पाटीवर त्यानं तळहात ठेवला.

"हा आमचा धाकटा लेक. होडीसकट गेला. होडीच्या फळ्या मिळाल्या, तो नाही मिळाला."

बाईनं त्या पाटीला हात जोडले. साहेब तेव्हा पलीकडे होकायंत्रावरची धूळ फुंकत होते.

"ह्या पाण्याची खोड वाईट आहे," घंटेवाला आता सांगत होता. "भरती समोरून दिसत नाही. मागे किनाऱ्याला लागून घळ आहे, ती आधी भरते. सांगाड्यापाशी उभ्या माणसाला पत्ताच नसतो. म्हणून ही घंटा. पाणी वळलं की मी वाजवतो, मग लोक निघतात."

घंटा किनाऱ्यावरच्या बाकाशेजारीच लाकडी चौकटीत टांगलेली होती. चांगली घागरीएवढी.

"ऐकलंस?" साहेब बायकोला म्हणाले. "परक्या बंदरात आपली अक्कल पाजळायची नाही. तिथला माणूस सांगेल ते करायचं. मोठमोठे कप्तान ह्याच्यावरच जगले. घंटा झाली की परत. तोवर तू बोंबललीस तरी मी हलायचा नाही."

"बोंबलेन कशाला? माझी मेलीची काय किंमत!"

साहेब हसले. श्रोता मिळाला की त्यांची गाडी सुटायची. बाकावर टेकून त्यांनी घंटेवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्या बंदराच्या तोंडाबाहेरून मी कितीदा गेलोय, माहितेय? एकदा तर धुक्यात एक होडीच आडवी आली. चौकशीबिवकशी झाली, निघालं काहीच नाही. निघणार काय? एवढं जहाज थांबवायचं म्हणजे सायकल आहे का?"

"पुरे हो," बाई म्हणाली. हा किस्सा चारचौघांत निघाला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"कुठलं जहाज म्हणायचं?" घंटेवाल्यानं विचारलं.

साहेबांनी नाव सांगितलं, मोठ्या ऐटीत. घंटेवाल्यानं मान डोलावली. मग त्यानं पाण्याकडे बघितलं, ढगांकडे बघितलं.

"जाऊन या साहेब," तो म्हणाला. "इतक्या लांबून आलात. वेळ आहे."

बाईला हायसं वाटलं. नवऱ्याची ही कला तिला ठाऊक होती. दोन घटका गप्पा मारल्या की समोरचा विरघळलाच. तिचे गुडघे वाळूत चालायच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून ती बाकावरच बसली. साहेब घळ ओलांडून गेले आणि लहान लहान होत गेले.

थर्मासमधला चहा तिनं घंटेवाल्याला देऊ केला. त्यानं घेतला नाही. खिशातून एक काळं फडकं काढून तो घंटेखाली वाकला आणि आत हात घालून काहीतरी करू लागला.

"पुसताय होय?" तिनं विचारलं. "बरं करता. खाऱ्या वाऱ्यानं सगळं गंजतं."

तीच बोलत राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. अर्धी हयात बंदरावरून येणाऱ्या तारा आणि फोनची वाट बघण्यात गेली होती. आता कुठे माणूस घरात दिसायला लागला होता. सकाळी पेपरसाठी भांडायला, भाजीत मीठ कमी म्हणायला. "भांडतो हो आम्ही," ती म्हणाली, "पण ह्यांच्याशिवाय मला आहे कोण?"

घंटेवाला तिच्या शेजारी येऊन बसला.

थोड्या वेळानं घळीत काहीतरी चमकलं. तिनं चष्मा पुसून पाहिलं. पाणी होतं. बघता बघता घळीच्या दोन्ही कडा दिसेनाशा झाल्या.

"भाऊ, पाणी आलं वाटतं."

"हो."

ती उठली. पदर सोडून तिनं जोरजोरात हलवला, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. लांबून साहेबांनीही हात हलवला. मजेत हलवला आणि ते पुन्हा सांगाड्याचं लाकूड बोटानं ठोकून बघायला लागले.

"अहो, ते घंटेशिवाय हलायचे नाहीत! वाजवा ना! भाऊ, पाया पडते तुमच्या, वाजवा!"

तिनं स्वतःच घंटेची दोरी धरली आणि सगळा जोर लावून ओढली. घंटा हलली. आतून फक्त उशीवर थाप मारावी तसा आवाज आला.

"आज नाही वाजायची, ताई," घंटेवाला बसल्या जागेवरून म्हणाला. "समुद्रानं माणूस नेला की त्या दिवशी घंटेच्या लोलकाला फडकं बांधायचं, असा आमचा रिवाज आहे."

तिच्या हातातली दोरी सुटली. "कोणाला नेलं?"

त्यानं वाळूच्या टोकाकडे पाहिलं.

"अजून कोणाला नाही."