कोरं कपाळ

चौसाळ्याच्या सोमलिंगअप्पांनी सहा वर्षं खपून अठ्ठेचाळीस सालची मॉरिस गाडी भंगारातून उभी केली. इंजिन अजून मांजरसुंब्याच्या मिस्तरीकडंच होतं, तरी खंडेनवमीची पूजा त्यांनी चुकवली नाही.

बॉनेटवर त्यांनी तीन बोटांनी विभूती ओढली. गडबडीत स्वतःच्या कपाळाला लावायची तेवढी राहिली. मग डोळे मिटून त्यांनी गाडीला हात जोडले.

"बाई, तुझ्यापायी म्हातारपण गोड झालं. लई उपकार हायेत तुझे."

डोळे उघडले, तर बायको शिवगंगा आरतीचं ताट घेऊन दारातच थबकलेली.

"अवो, तुमच्या कपाळाला हे काळं कुणी लावलं?"

अप्पांनी कपाळ चाचपलं. बोटांनी ओढलेल्या तीन सरळ रेघा होत्या. ऑइल होतं ते, आत्ताच चालून आलेल्या इंजिनातलं असतं तसं गरम.