सुपडूचं नवं नाव

मालतीबाई उंबऱ्यातच बसल्या. बाहेर पडायचं तर सुपडूला आईला ओलांडून जावं लागलं असतं, आणि सुरतेतल्या नवागामच्या त्या खोलीत आजवर कुणी तसं केलं नव्हतं.

खाली गल्लीत हर्षदा मोपेडवर थांबली होती. वकील थोड्याच वेळात जेवायला उठणार होता. त्याआधी प्रतिज्ञापत्रावर सही झाली की सुपडू हे नाव संपणार होतं. लग्नपत्रिका छापली जाईल ती नव्या नावानंच, हे हर्षदानं साखरपुड्यालाच बजावलं होतं. मैत्रिणींनी तिला नवऱ्या मुलाचं नाव विचारलं होतं आणि ते ऐकून खोकल्याचं निमित्त करत त्या बाजूला झाल्या होत्या.

तिचंही काही चुकत नव्हतं. सुपडू म्हणजे सूप. गुजरातीतही सूपडुं म्हणजे सूपच, त्यामुळे सुरतेत हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नसे. कापड मार्केटातल्या ज्या दुकानात तो साड्या उलगडून दाखवायचा, तिथला शेठ दर निवडणुकीच्या निकालाला गिऱ्हाइकांदेखत विचारायचा, "बोल सुपडू, आजे कोनां सूपडां साफ?" गिऱ्हाइकं हसायची. सुपडूही हसायचा. आता त्याला हसायचं नव्हतं.

"आई, ऊठ ना. उशीर होतोय."

मालतीबाई उठल्या नाहीत. नाव बदलायचं नाही, एवढंच त्या आठवडाभर म्हणत होत्या. कारण विचारलं की भांडी घासायला बसत. आज घासायला काही उरलं नव्हतं. फरशीकडे बघत त्यांनी सांगून टाकलं.

सुपडूच्या आधीची तीन मुलं महिन्याच्या आत गेली होती. तिघांचीही नावं भटजींनी पंचांग पाहून काढलेली, ऐकत राहावीत अशी. चौथ्या खेपेला मालतीबाईंनी पंचांग उघडूच दिलं नाही. बाळाला सुपात घातलं आणि केर लोटावा तसं उंबऱ्याबाहेर लोटलं. शेजारच्या शोभाबाईनं ते उचलून आपलं म्हणून घरात नेलं. संध्याकाळी पसाभर ज्वारी देऊन मालतीबाईंनी ते परत आणलं. टाकून दिलेल्या, परक्याच्या पोरावर मरणाची नजर पडत नाही, असं त्यांच्या मूळ गावात मानत. नावही तसंच ठेवलं, कुणाला हेवा वाटू नये असं.

खालून हॉर्न वाजला.

आज सुपडू थांबला, तर खाली मोपेडवर बसलेली हर्षदा एकटीच निघून जाईल आणि परत येणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तो आईसमोर उकिडवा बसला.

"आई, माझ्याकडे बघ जरा. शर्टाची बटणं लागत नाहीत पोटावर. मी आता कोणाच्या सुपात मावतोय?"

मालतीबाईंना हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. मग चौकट धरून उठल्या, बाजूला झाल्या. वाट मोकळी झाली. त्यानं चपला घातल्या तेव्हा त्यांनी पुढे होऊन त्याची कॉलर सारखी केली.

"नवीन काय ठेवलं?" आठवडाभराच्या भांडणात हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"योगराज."

मालतीबाईंचा हात कॉलरवरच थांबला.

"हर्षदानं सुचवलं?"

"नाही, माझं मीच. लहानपणापासून कानात बसलंय. कुठे ऐकलं ते आठवत नाही."

खाली मोपेड सुरू झाली. मालतीबाईंना ती ऐकू आली नसावी.

"घरातच ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या थोरल्या भावाचं ते. तो गेल्यावरही मी त्याला हाक मारायची, अन् ओ तू द्यायचा."