काट्यावरच्या फरशा

मेक्सिकोतल्या चियापासच्या रस्त्यात पुरलेल्या सेन्सरने तो बंद पेटीचा ट्रक जादा जड ठरवून बाजूच्या वजनकाट्यावर पाठवला. इंजिन बंद होतं, वाराही नव्हता. तरी काट्याच्या खिडकीत बसलेल्या ओब्दुलियाच्या पडद्यावरचा आकडा काही ठरेना. आणि तो ठरल्याशिवाय पावती निघत नाही.

“आत काय आहे?”

“फरशा, बाईसाहेब,” ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. “तुमचं यंत्रच खुळावलंय. थंड्याचे पैसे घ्या आणि सोडा की.”

“फरशा चुळबुळ करत नाहीत.”

“थांबा, ठरवून देतो तुमचा आकडा.” हसत त्याने ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

आकडा जागच्या जागी थिजला.

ओब्दुलियाने पावती काढलीच नाही. पाण्याचा कॅन उचलून ती बाहेर आली.

“कुलूप काढ. फरशांना ऐकू येतंय, म्हणजे तहानही लागली असेल.”