अण्णांचा गुडघा

डॉक्टरांनी दिवसाला तीनच पेशंटांचं दुखणं स्वतःच्या अंगावर घ्यायचं, असा नियम होता, आणि डॉ. देवरुखकरांची तिन्ही दुखणी सकाळीच घेऊन झाली होती. म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याला जाणवून देणाऱ्या वेदनापट्ट्याचं एक टोक अण्णांना बांधलं आणि दुसरं अण्णांच्या सुनेने, मृणालने, आपल्या मनगटाला बांधून घेतलं.

"उजवा गुडघा," अण्णांनी पुन्हा सांगितलं. तीन महिने ते हेच सांगत आले होते. गुडघ्याच्या फोटोत काहीच सापडत नव्हतं, त्यामुळे पाय मोकळा व्हावा म्हणून मृणाल त्यांना रोज हट्टाने जिने चढायला लावायची.

"आजोबा, जरा उभे राहा," डॉक्टर म्हणाल्या.

अण्णा उठले आणि मृणाल किंचाळून मटकन खाली बसली. तिला गुडघ्यात काहीच जाणवलं नव्हतं. कळ जांघेतून निघून मांडीत उतरत होती.

"कुठं दुखलं?"

मृणालने अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"जांघेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी अण्णांना तातडीने आडवं केलं आणि खुब्याचा फोटो काढला. तिथे हाडाला बारीक चीर गेली होती. "आता एक पाऊलही टाकायचं नाही. आणखी चार दिवस जिने चढले असते, तर हाड मोडलंच असतं."

"अहो अण्णा, सांगायचं ना!" मृणालला रडू फुटलं.

"सुनेसमोर जांघ कशी म्हणू गं?" अण्णा पुटपुटले. मग काळजीने म्हणाले, "तुला फार दुखलं का?"

"तुम्हाला दुखतं तेवढंच."

अण्णांनी हात लांब करून तिच्या मनगटावरचा पट्टा सोडला.

"म्हणजे फारच," ते म्हणाले.