भिंतीपलीकडचा प्रेषक

कंपनीच्या नावाने मेल कुणी पाठवायची आणि कुणी नाही, हे सांभाळायचं काम ऑफिसातल्या ताईंकडे होतं. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता घालायचा, त्या पत्त्यावर एक मेल जायची, आणि ती उघडून त्या माणसाने होकाराचं बटण दाबलं की तो मंजूर. व्यवस्था नवी होती, म्हणून ताईंनी ती तपासायला एक पत्ता मनानेच रचून घातला. त्या नावाचा माणूस कंपनीत कधी नव्हताच.

मेल गेली आणि भिंतीपलीकडे टिंग वाजलं.

"मामा, पलीकडे कुणी बसलंय का?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"तिथं कोण मरायला बसणार? मोडक्या खुर्च्या भरल्यात नुसत्या. कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात."

ताईंनी हसून मेल पुन्हा पाठवली. पुन्हा टिंग. आता मामाही भिंतीकडे बघू लागले.

पलीकडे एक खुर्ची सरकली. कुणीतरी सावकाश टेकलं. मग माऊसचा आवाज आला, एकदाच.

ताईंच्या स्क्रीनवर त्या पत्त्यापुढे हिरवी खूण उमटली.

त्या घाईघाईने पत्ता काढायला गेल्या, तोच फोन वाजला. आईचा होता.

"अगं, तुमच्या कंपनीची मेल आलीय. तुझं सामान पलीकडच्या खोलीत काढून ठेवलंय, न्यायला या म्हणतात. तूच बोलतेयस ना गं?"

"हो," ताई म्हणाल्या.

मामांनी दचकून मागे पाहिलं. आवाज भिंतीपलीकडून आला होता.