एकेचाळिसावी जोडी

दोन्ही बूट डाव्या पायाचे होते. लेकीने ते डब्यातून काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जागा बदलून पाहिले. तरी डावेच. वर एक बूट दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट मोठा.

चार वाजता माल न्यायला गाडी येणार होती. एकेचाळीस जोड्या समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ गावी जायच्या होत्या. तिथे शाळेसमोर एका बाईंचं छोटंसं दुकान होतं. त्या बाईंशी संबंध जुळवायला लेकीला दोन वर्षं लागली होती. पत्रं, फोटो, नमुन्याचे बूट, पुन्हा पत्रं. तिकडचे नंबर वेगळे, इकडचे वेगळे. त्या घोळातच सहा महिने गेले. शेवटी बाईंनीच तोड काढली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला कोऱ्या कागदावर उभं केलं, पावलांभोवती पेन्सिल फिरवायला लावली आणि कागदांचा गठ्ठा टपालाने धाडून दिला. लेकीने पाकीट न उघडताच वडिलांच्या हातात ठेवलं होतं. "हे तुमचं खातं, बाबा."

"मुलांच्या पायांना बसले तर पुढच्या वर्षी आणखी चार शाळा," असं बाईंनी लिहिलं होतं. पहिलाच माल. आणि त्यात ही असली जोडी.

तिने आत डोकावलं. बाबा खिडकीजवळ सुईत दोरा ओवत बसले होते. तिसऱ्या खेपेला दोरा गेला. महिनाभर ती हे बघत होती. धाकटा कारागीर तर तिला दोनदा म्हणाला होता, "ताई, काकांना आता नुसतं देखरेखीला बसवा." तेव्हा ती त्याच्यावर उखडली होती. आज त्याचंच खरं ठरत होतं.

कसं सांगायचं? बुटाची नाडी बांधायला तिला याच माणसाने शिकवलं होतं. चार दिवस तिला जमलं नाही. पाचव्या दिवशीही ते "सावकाश" एवढंच म्हणाले होते.

ती जोडी घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, हल्ली दमता का हो फार?"

"का गं मालकीणबाई? सुट्टी देताय की काय?"

तिला हसू आलं नाही. "ही एकेचाळिसावी जोडी. तुम्हीच शिवलीत ना?"

"मीच."

"दोन्ही डावे आहेत."

"हो."

"आणि सारखेही नाहीत."

"नसणारच."

तिने जोडी त्यांच्यासमोर ठेवली. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. उद्यापासून तुम्ही फक्त शिकवा. शिवायचं काम धाकट्याकडे देऊ."

"म्हणजे म्हातारा कामातून गेला म्हणायचा."

"तसं नाही हो..."

बाबांनी सुई बाजूला खोचून ठेवली. खण उघडून कागदांचा गठ्ठा काढला आणि सगळ्यात खालचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

कागदावर एकच पाऊल होतं. डावं. पाचही बोटं मन लावून काढलेली. उजव्या पावलाच्या जागी एक लहानसं वर्तुळ होतं, बाटलीच्या झाकणाएवढं.

"हे काय आहे?"

"कुबडीचं टोक. बाईंनी सांगितलं असेल, ज्याच्यावर उभा राहतोस त्याच्याभोवती पेन्सिल फिरव. लेकराने फिरवली."

लेक तिथल्याच स्टुलावर टेकली.

"मग त्याला एकच बूट पाठवला असता तरी..."

"चाळीस जणांच्या डब्यात दोन-दोन, आणि त्याच्या डब्यात एक? छे गं. आपल्या हातून नको ते."

तिने मोठा बूट उचलून तळहातावर घेतला. टाके एका ओळीत होते, एकही चुकलेला नव्हता.

"आणि हा मोठा का?"

बाबांनी पुन्हा सुई हातात घेतली.

"अगं, शाळेतलं पोर ते. पाय काय एवढाच राहणार आहे?"